बंदुकीकडून भिंगाकडे : परसातल्या शिंजिराच्या छायाचित्राचा इतिहास

१.
वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) असो वा विदर्भातील दुसरे कोणतेही गाव, फाल्गुन-चैत्रात परसातल्या जास्वंदीवर एक इवलासा पक्षी येतो. सावलीत तो काळाभोर दिसतो. ऊन अंगावर पडताच निळा, जांभळा, हिरवट असा धातूसारखा झळाळतो. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खाली कोणीतरी हमखास लिहितो, ‘किती सुंदर हमिंगबर्ड!’ पक्षी असतो शिंजीर. ही चूक आजची नाही, तिला मोठा इतिहास आहे. तिच्यापासून निघून आपण बंदूक, काचेच्या पट्ट्या, जुनी भिंगे आणि एका हरवलेल्या घुबडापर्यंत जाणार आहोत. धागा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

२.
प्रथम भूगोल. हमिंगबर्ड फक्त उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळतात. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. भारतात एकही नाही. शिंजीर हे मात्र आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या टोकापर्यंत पसरलेले कुल आहे. हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे आपल्या पाकोळ्या. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गोतावळ्यातला. दोघांचे कूळ वेगळे, पण अन्न एकच : फुलातला मधुरस. समान कामासाठी निसर्गाने दोन ठिकाणी जवळपास सारखीच हत्यारे घडवली. लांब बाकदार चोच, लांब जीभ, लहानखुरी अंगकाठी आणि चमकता पिसारा.

३.
या कथेत एक गमतीचा दुवा जर्मनीत आहे. २००४ साली जीवाश्मतज्ज्ञ गेराल्ड मायर यांनी तेथे सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते हमिंगबर्डच्या पूर्वजकुळातील पक्ष्याचे होते. म्हणजे जुन्या जगात हे पक्षी कधीकाळी होते आणि पुढे नाहीसे झाले. आज त्यांच्या जागी येथे शिंजीर आहेत.

४.
दुसरा दुवा आपल्या कुंपणावर आहे. गणेशवेलीची लाल चांदणीसारखी फुले मराठी अंगणात इतकी रुळली आहेत, की ती परदेशी आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही. ही वेल मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. तिची अरुंद, लाल, मधाने भरलेली नळी तिकडे हमिंगबर्डच्या चोचीला साजेशी घडली. बागांतून सर्रास दिसणारे हॅमेलियाचे झुडूपही तिकडचेच. माणसाने फुले समुद्रापार आणली, पक्षी तिकडेच राहिला. आणि त्याची जागा येथे शिंजिराने घेतली. परसातले ते दृश्य पाहून हमिंगबर्ड आठवतो, तो अगदीच अकारण नाही.

५.
ब्रिटिश अमदानीत येथे राहणारे युरोपीय लोकही शिंजिराला सर्रास हमिंगबर्ड म्हणत. ज्या जांभळ्या शिंजिराविषयी आपण बोलत आहोत, त्याला शास्त्रीय नाव दिले इंग्लंडमधील जॉन लॅथम यांनी, १७९० साली. लॅथम भारतात कधीच आले नव्हते. त्यांच्यापुढे असत ते दूरदेशांहून आलेले वाळलेले नमुने आणि चित्रे. आपल्या परसातील पक्ष्याचे नाव अशा माणसाने ठेवले, ज्याने तो फुलावर बसलेला कधी पाहिलाच नव्हता.

६.
हे त्या काळाच्या ज्ञानपद्धतीला धरूनच होते. एकोणिसाव्या शतकात पक्षी ‘पाहिला’ याचा पुरावा म्हणजे पक्षी मारला. बारीक छऱ्यांनी टिपायचा, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची : स्थळ, तारीख, नर की मादी. असे नमुने खोक्यांत भरून मुंबई-कलकत्त्याहून लंडनला जात. आज ही रीत क्रूर वाटते; परंतु तिने उभारलेला पाया नाकारता येत नाही. त्या चिठ्ठ्या नसत्या, तर कोणता पक्षी दीडशे वर्षांपूर्वी कोठे होता हे आज सांगता आले नसते.

७.
मराठी मुलखाच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी अशाच पद्धतीने झाली. कंपनी सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनची आकडेवारी गोळा करताना पक्षीही गोळा केले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. तिच्यातच सह्याद्रीच्या लाल पाठीच्या शिंजिराचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. साइक्स यांनी त्याला संस्थेचे निकोलस व्हिगर्स यांचे नाव दिले. पुढे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी देशभरातून साठ हजारांहून अधिक पक्षिनमुने जमवले आणि १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिले. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे ह्यूम ते हेच.

८.
या नकाशावर कारंजा कोठे होते? वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढण्यात आला. कारंजा त्या काळी आर्वी तहसिलीतले गाव. प्रशासन मध्य प्रांताचे. पक्ष्यांचे ज्ञान येथे नागपूरमार्गे साठत गेले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, १८६३ साली स्थापन झाले. तेथील ई. ए. डिअब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी १९३५ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भातील पक्ष्यांचा माग काढणाऱ्याला या यादीपाशी थांबावेच लागते.

९.
परंतु कातडे सर्व काही सांगत नाही. शिंजिराचा जांभळा रंग हा निव्वळ रंगद्रव्याचा खेळ नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो आणि पाहण्याचा कोन बदलला की बदलतो. खणात उताण्या ठेवलेल्या नमुन्यात ही हालती झळाळी दिसणे कठीण. विणीचा हंगाम संपला की नर आपला जांभळा वेष उतरवतो, मादीसारखा पिवळसर होतो आणि कंठापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. एकच पक्षी वर्षभरात दोन पक्ष्यांसारखा दिसतो. हे समजण्यासाठी पक्षी जिवंत हवा, पुन्हा पुन्हा पाहायला हवा आणि पाहिलेले टिपून ठेवायला हवे.

१०.
टिपून ठेवण्याचे यंत्र मुंबईत लवकर आले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. स्वतः उत्तम छायाचित्रकार. त्या काळची मुंबईची छायाचित्रे पाहिली तर लेणी आहेत, देवळे आहेत, निरनिराळ्या जातिजमातींची माणसे आहेत. उडता पक्षी मात्र नाही. का?

११.
उत्तर रसायनात आणि काचेत आहे. तेव्हाची पद्धत ओल्या पट्टीची. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि सुकण्यापूर्वी छायाचित्र घेऊन लगेच धुवायचा. अंधाराचा तंबू सोबत न्यावा लागे आणि प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे. १८४० साली योझेफ पेट्झवाल यांनी व्हिएन्नात आखलेले भिंग पूर्वीच्या भिंगांपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश आत घेई. तरीही ते बसलेल्या माणसासाठी होते. एका फुलावर दोन-तीन सेकंदही न थांबणाऱ्या पक्ष्यासाठी नव्हे. हे पेट्झवालांचे नाव लक्षात ठेवावे. आपण त्याकडे परत येणार आहोत.

१२.
१८७१ नंतर जिलेटिनची कोरडी पट्टी आली आणि चित्र पालटले. पट्टी आधी तयार करून ठेवता येऊ लागली, प्रकाशाचा अवधी सेकंदाच्या अंशावर आला. १८८२ साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी उडत्या पक्ष्यांची एका सेकंदात बारा चित्रे घेणारे यंत्र केले. त्याचा आकार हुबेहूब बंदुकीचा होता : दस्ता, नळी, चाप. चाप ओढला की गोळीऐवजी चित्र निघे. पुढे इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरचे, प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवलेले पुस्तक काढले. पक्ष्याजवळ जाण्यासाठी त्यांनी पोकळ बैलाचे सोंगही करून पाहिले.

१३.
भारतात याच दशकांत एक संस्था उभी राहत होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांपैकी दोघे भारतीय : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून आपल्याला ठाऊक असतात; निसर्ग-अभ्यासाच्या या उगमापाशीही ते उभे आहेत हे सहसा सांगितले जात नाही.

१४.
याच संस्थेच्या दारात एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी घेऊन आला. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. चिटणीस मिलार्ड यांनी त्याला खणांतले नमुने उघडून दाखवले, आणि सलीम अली पक्ष्यांच्या जगात आले. बंदुकीने सुरू झालेली ही वाट निरीक्षणाकडे वळली. १९३० साली किहीमला त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर बसून जिवंत पक्ष्यांचे वर्तन नोंदवले. १९३२ साली त्यांनी भारतातील ‘फुलपक्षी’ आणि ‘पक्षिपुष्पे’ यांवर दीर्घ लेख लिहिला. शिंजीर मध पिताना पराग कसा वाहतो आणि कोणती फुले पक्ष्यांवर विसंबून आहेत, हा त्याचा विषय. पक्षी कसा दिसतो यापलीकडे पक्षी काय करतो, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी आला.

१५.
भिंगांच्या जगातही तेव्हा क्रांती झाली होती. जुन्या भिंगांत मधोमध स्पष्ट आणि कडांना धूसर असे चित्र येई. १८९० साली कार्ल झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी हा दोष मोठ्या प्रमाणात दूर करणारे भिंग आखले. १८९३ साली इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांनी फक्त तीन काचांत ते साधले. १९०२ साली रुडॉल्फ यांचे चार काचांचे ‘टेसार’ आले; इतके तीक्ष्ण, की त्याला कॅमेऱ्याचा गरुडडोळा म्हणत. १८९१ पासून दुरून मोठे चित्र देणारी टेलिफोटो भिंगेही मिळू लागली. पक्ष्याच्या छायाचित्राला लागणारी काच आता तयार होती.

१६.
रंगाचा प्रश्न उरला होता. आरंभीच्या पट्ट्या निळ्या प्रकाशाला जागत, लाल रंगाला जवळपास आंधळ्या असत. अशा पट्टीवर पळसाचा केशरी-लाल बहर काळा उमटेल आणि शिंजिराची निळी झाक फिकट. डोळ्यांना जे दिसते त्याच्या अगदी उलट! १९०६ पासून सर्व रंगांना जागणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या आणि १९३५ साली कोडाक्रोमने रंगीत फिल्म सोपी केली. म्हणून जुने कृष्णधवल छायाचित्र पाहताना पट्टी कोणती होती, हे विचारल्याशिवाय पक्ष्याच्या रंगाविषयी निष्कर्ष काढू नये.

१७.
भारतातील पक्षी-छायाचित्रणाचा आरंभ ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्यांत ई. एच. एन. लोथर हे अग्रगण्य. ते ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. बदल्या आणि दौरे यांतून सवड काढून त्यांनी अनेक वर्षे पक्षी टिपले; त्यांचे भारतातील पक्षी-छायाचित्रणाविषयीचे पुस्तक १९४९ साली निघाले. दुसरे नाव लोक वान थो यांचे. सिंगापूरच्या चित्रपटगृहांचे हे धनाढ्य मालक १९४२ साली जपानी आक्रमणापासून निसटताना बोट बुडून होरपळले, काही काळ त्यांची दृष्टीही गेली. ते भारतात आले, सलीम अलींचे स्नेही झाले आणि त्यांच्यासोबत दौऱ्यांवर जाऊ लागले. ज्याने काही काळ डोळे गमावले त्याने पुढे पक्ष्यांची नितांतसुंदर छायाचित्रे काढली. १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

१८.
त्या पिढीची बरीच छायाचित्रे घरट्यापाशी घेतलेली आहेत. कारण सरळ आहे. भिंग लांबचे नाही, पट्टी मंद. मग पक्षी जेथे परत येणारच अशी एकच जागा उरते. आडोसा उभारायचा, आत तासन्‌तास बसायचे. घरट्यापुढची पाने-फांद्या बाजूला करणे ही त्या काळी जगभर रूढ गोष्ट होती. यातून मोलाचे ज्ञान मिळाले. परंतु तिची किंमत छायाचित्रात दिसत नाही, हेही तितकेच खरे.

१९.
ती किंमत विदर्भात काय असू शकते ते पाहा. जांभळ्या शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याने गवत, साल, कचरा जोडून पिशवीसारखे लोंबते घरटे विणते. दारावर पुढे आलेली छोटी पडवी असते. बहुधा दोन अंडी. ती एकटीच उबवते. हे घरटे अनेकदा घराच्या अगदी जवळ, अंगणातल्या झुडपावर असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. चांगल्या चित्रासाठी कोणी समोरची चार पाने तोडली, तर पिलांवर थेट ऊन येते. आणि लपलेले घरटे कावळ्याला दिसू लागते. बंदूक बाजूला ठेवली म्हणून हात आपोआप स्वच्छ होत नाही. आज काही स्पर्धांनी घरट्यांची छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे, त्यामागे हाच विचार आहे.

२०.
अमेरिकेत या काळात खऱ्या हमिंगबर्डचे कोडे सुटत होते. त्याचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात; कोणत्याही साध्या कॅमेऱ्यात ते धुक्यासारखे दिसत. एमआयटीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता लखलखणारा विजेचा दिवा वापरला आणि पंख हवेत जणू थिजवले. ही चित्रे १९४७ साली नॅशनल जिऑग्राफिकमध्ये झळकली. येथे श्रेय भिंगापेक्षा प्रकाशाचे आहे. शिंजिराबाबत मात्र इतका खटाटोप लागत नाही. तो क्षणभर हवेत तरंगतो खरा, पण शक्यतो देठावर बसूनच मध पितो. जुन्या साधनांनी टिपता येण्याजोगा हा ‘हमिंगबर्ड’ आहे!

२१.
स्वातंत्र्योत्तर भारतात कॅमेरा ही चैन होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. मध्यमवर्गाच्या घरी आला तो आग्फा क्लिक थ्री. त्याने कुटुंब टिपता येई, पक्षी नव्हे. १९६० साली उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन झाली आणि पुढे ‘इंदू’ फिल्म मिळू लागली. सोव्हिएत मैत्रीच्या वाटेने झेनिट कॅमेरे आले. त्यांच्यावर बहुधा ‘हेलिओस ४४’ हे ५८ मिमीचे भिंग असे. त्याची आखणी म्हणजे युद्धपूर्व जर्मनीतील झाइस ‘बायोटार’चीच सोव्हिएत आवृत्ती. जर्मन काच, रशियन कारखाना आणि भारतीय कपाट असा तिचा प्रवास.

२२.
डिजिटल युग आले आणि ही भिंगे कपाटात गेली. पावसाळ्याच्या दमटपणात अनेकांच्या काचांना बुरशी धरली. त्यांना पुनर्जन्म दिला २००८ पासून आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांनी. कारण भूमितीचे आहे. झेनिटच्या आट्याच्या भिंगाला फिल्मपासून सुमारे साडेपंचेचाळीस मिमी अंतर लागते, कारण मध्ये आरसा हलण्यास जागा हवी. आरसा गेला, तर सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर १८ मिमीवर येते. उरलेल्या साडेसत्तावीस मिमीत एक पोकळ कडे बसवले की जुने भिंग नव्या शरीरावर बरोबर नेम धरते. कडे अगदी स्वस्त. आत काचही नाही.

२३.
यातून परसात काय साधते, त्याचे गणित सोपे आहे. १३५ मिमीचे जुने भिंग, पक्षी दोन मीटरवर, पक्ष्याची लांबी सुमारे १० सेंमी. सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे ७ मिमी पडते. पूर्ण आकाराच्या, ३६ मिमी रुंद सेन्सरचा हा पाचवा हिस्सा. लहान, २४ मिमी सेन्सरचा जवळजवळ तिसरा. एवढ्यात डोळा, चोच आणि पिसांची झळाळी स्पष्ट येते. अट एकच : पक्षी दोन मीटरवर आला पाहिजे, आपण त्याच्याकडे जाता कामा नये.

२४.
येथेच जुने भिंग आपली शिस्त लावते. त्यात आपोआप नेम धरणारी यंत्रणा नाही. उडत्या शिंजिरामागे कडे फिरवत राहणे व्यर्थ. म्हणून एक फूल निवडायचे, त्यावर आधीच नेम धरायचा आणि थांबायचे. शिंजीर फुलांची फेरी ठरावीक वेळाने पुन्हा करतो, हे दोन-तीन सकाळींत लक्षात येते. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे पिसांची झळाळी आपल्याकडे परतते. पार्श्वभूमीतली पाने अशा काही भिंगांत गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. आज तरुण छायाचित्रकार ज्या भोवऱ्यावर लुब्ध आहेत तो मुळात दोष आहे. कडांकडून येणारा तिरपा प्रकाश नळीत अडतो आणि प्रतिमेचे प्रतल सपाट न राहता वाकते. हाच दोष १८४० च्या पेट्झवाल भिंगात ठळक होता. ज्याच्यावर मात करण्यासाठी रुडॉल्फ आणि टेलर झटले, त्याच्यासाठीच आज लोक पैसे मोजतात!

२५.
आता त्या घुबडाकडे. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्याचे मोजकेच नमुने मिळाले. अखेरचे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना, १८८४ साली. पुढे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांनी १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याची नोंद केली, नमुनाही होता. त्या नोंदीच्या आधारे शोध घेणाऱ्यांना काही सापडेना. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुना तपासला तेव्हा उघड झाले, की तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला, खोटी चिठ्ठी बांधलेला.

२६.
खोटी चिठ्ठी वगळून उरलेल्या खऱ्या नोंदींच्या मागावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचे छायाचित्रण आणि चित्रीकरण केले; पुरावा म्हणून पक्षी मारला नाही. पुढे तो मेळघाटातही आढळला. मराठी मातीतल्या या घटनेत एक सत्तांतर घडले आहे. मेलेला नमुना खोटा ठरला आणि जिवंत पक्ष्याचे चित्र खरे ठरले.

२७.
परंतु यातून ‘छायाचित्र कधी खोटे बोलत नाही’ असा धडा घेतला, तर आपण फसू. माइनर्ट्झहेगनचा पक्षी खराच होता. खोटी होती ती चिठ्ठी. छायाचित्राचेही तसेच आहे. आज संगणक नसलेला पक्षी क्षणात रंगवून देतो आणि खऱ्या चित्राखाली चुकीचे गाव सहज लिहिले जाते. पुराव्याचे बळ चित्रात जितके, तितकेच त्याच्या चिठ्ठीत असते. जुने भिंग वापरणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या भिंगात विद्युत-संपर्क नसल्याने कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये भिंगाचे नाव वा छिद्राचा आकडा आपोआप नोंदला जात नाही. म्हणून वही हवी : तारीख, वेळ, गाव, झाड, फूल, नर की मादी, पिसांचा वेष, काय करत होता. साइक्सच्या काळातील चिठ्ठीत एवढे तपशीलही नसत.

२८.
आणि नाव. विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी आदिवासी, पारधी, गुराखी यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे गोळा करून ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. जून २०२५ मध्ये ते गेले. ज्या पक्ष्याला आपल्या भाषेत शिंजीर असे नादमधुर नाव आहे, त्याला हमिंगबर्ड म्हणणे म्हणजे त्याच्या पायाला चुकीची चिठ्ठी बांधणेच होय.

२९.
दर फेब्रुवारीत चार दिवस परसातील पक्ष्यांची जागतिक गणना होते; भारत तिच्यात २०१३ पासून सहभागी आहे. पंधरा मिनिटे आपल्या अंगणात उभे राहायचे, दिसेल ते मोजायचे आणि नोंदवायचे. बोर व्याघ्रप्रकल्पाच्या नोंदी कोणीतरी ठेवेलच. पण कारंजाच्या एखाद्या परसात शिंजीर जांभळा वेष कोणत्या आठवड्यात चढवतो, गणेशवेलीवर येतो की पळसावर, संत्र्याच्या बागांत त्याचे येणे वाढते की घटते, हे त्या परसातल्या माणसाशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. १७९० साली इंग्लंडमध्ये बसून जे कळले नाही, ते दोन मीटरवरून रोज दिसत आहे.

३०.
धागा येथे संपवतो. आपल्या घरच्या कपाटात आजोबांचा झेनिट वा दुसरा एखादा जुना कॅमेरा असेल, तर भिंग काढून उजेडासमोर धरून पाहा. बुरशी असेल तर जाणकाराकडून साफ करून घ्या. घरट्यापासून दूर राहा, पान तोडू नका. छायाचित्र टाकाल तेव्हा खाली गाव, तारीख आणि पक्ष्याचे मराठी नाव अवश्य लिहा. आपापल्या भागात शिंजिराला काय म्हणतात, तेही कळवा. ती नावे टिकवणे हेही इतिहासाचेच काम आहे.